गावच्या वायुसैनिकाचं स्मारक: मुंबईच्या मंडळानं काम हाती घेताना

गावातला एखादा तरुण दुसऱ्या महायुद्धात, १९६५ला किंवा १९७१ला हवाई दलात असताना गेला, हे वाडीवाडीत माहीत असतं. पण त्याचं नाव दगडावर कुठेच नसतं. मे महिन्यात किंवा गणपतीत विषय निघतो आणि काम मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडे येतं. वर्गणी इथे जमते, कारागीर इथे मिळतात आणि जुने कागदही बरेचसे इथेच सापडतात. पहिल्याच सभेत कुणीतरी पुतळ्याचं काढतं. तो विषय तिथेच मिटवा. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीचा नमुना कला संचालनालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि हातात असतो एकुलता एक पुसट पासपोर्ट फोटो. त्यावरून घडवलेला चेहरा घरच्यांनाच ओळखू येत नाही.

गावाला पेलेल आणि टिकेल असं स्मारक म्हणजे एक उभा दगड. आपल्याकडे वीरगळ असाच असतो. बोरिवलीच्या एकसरला नौकायुद्ध कोरलेले वीरगळ आजही पाहता येतात. उभ्या दगडावर पाणी साचत नाही, पालापाचोळा बसत नाही, कुणी त्यावर बसून गप्पा मारत नाही. आडव्या कट्ट्यावर या तिन्ही गोष्टी होतात.

आधी नोंद, मग दगड

सगळ्या कामात न सुधारता येणारी चूक एकच: दगडावर चुकलेलं नाव. पाया खचला तर पुन्हा भरता येतो, रंग उडाला तर पुन्हा देता येतो. म्हणून निम्मा वेळ नोंदी पडताळण्यात गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

‘हवाई दलात होता’ म्हणजे वैमानिकच होता असं नाही. गावात सरसकट ‘पायलट’ म्हणतात, पण तो फिटर, वायरलेस ऑपरेटर किंवा एअर गनरही असू शकतो. त्याचा हुद्दा आणि सेवा क्रमांक शोधणं हे पहिलं काम. सेवा क्रमांक मिळाला की निम्मी लढाई जिंकली, कारण एकाच आडनावाची, एकाच आद्याक्षरांची दोन माणसं असतातच.

दुसऱ्या महायुद्धातला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. त्यांच्या यादीत ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू येतात. ज्याचा देह मिळाला नाही अशा भारतीय वायुसैनिकाचं नाव बहुधा सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर असतं, मग तो ब्रह्मदेशावर पडलेला असो की समुद्रावर. त्यामुळे ‘सिंगापूर’ वाचून तो तिथे लढला असं लिहून मोकळे होऊ नका. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतला असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक पाहा. २५ फेब्रुवारी २०१९ला त्याचं उद्घाटन झालं आणि तिथल्या भिंतींवरची नावं संकेतस्थळावरही शोधता येतात. वीरचक्र मिळालं होतं असं घरचे सांगत असतील तर शौर्य पुरस्कारांच्या सरकारी पोर्टलवर खात्री करा. वीरचक्र १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीलाच लागू आहे, तेव्हा १९४४च्या माणसाला ते मिळालेलं असणं शक्य नाही. घरात जपलेलं पदक बहुधा मोहिमेत भाग घेतल्याचं असतं.

नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंग पाच-सहा प्रकारे घालून बघा. मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाईंग कोअर या ब्रिटिश लष्कराच्या हवाई शाखेत भरती झाले होते. जून १९१८मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचं विमान पडलं आणि ते जर्मनांच्या ताब्यात असताना वारले. त्यांच्या कबरीवर सुरुवातीला भलतंच जर्मन वळणाचं नाव होतं. शिकल्यासवरल्या मुंबईकराची ही गत, तर खेड्यातल्या मुलाच्या नावाचं काय होत असेल? शिंदे, चव्हाण, साळवी, जाधव ही आडनावं तर हमखास विचित्र लिहिलेली सापडतात. वडिलांचं नाव कधी आडनावाच्या जागी बसतं, तर कधी गावाचंच आडनाव होतं.

गावाचा पत्ता हा दुसरा सापळा. नोंदीत ‘कुलाबा’ आलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे ससून डॉक येतो, पण १९८१पर्यंत रायगड जिल्ह्याचंच नाव कुलाबा होतं. सिंधुदुर्ग १ मे १९८१ला वेगळा झाला, त्याआधीचं सगळं रत्नागिरीत. सांगलीकडच्या गावांची नोंद साताऱ्यात किंवा दक्षिण साताऱ्यात मिळते. आणि बऱ्याच जणांनी भरती होताना गिरगाव-परळच्या खोलीचा पत्ता दिलेला असतो, त्यामुळे गाव ‘मुंबई’ असं येतं.

जन्मतारखेसाठी गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा, पण १ जून दिसला तर विश्वास ठेवू नका. हेडमास्तरांनी निम्म्या महाराष्ट्राला हीच तारीख देऊन टाकली आहे. दुसरा पुरावा नसेल तर दगडावर फक्त वर्ष लिहा.

मृत्यूची तारीखही नीट बघावी लागते. विमान परतलं नाही ती तारीख आणि ‘मृत्यू गृहीत धरला’ ही तारीख वेगळ्या असतात. मध्ये कित्येक महिने जातात. घरी आलेल्या पत्रावर बहुधा दुसरी असते. स्मारकावर पहिली घालावी. कारणही खरं लिहावं. युद्धकाळात कितीतरी वायुसैनिक प्रशिक्षणात, खराब हवामानात, उतरताना झालेल्या अपघातात गेले. अशा वेळी ‘शत्रूशी लढताना’ असं कोरू नका. ‘कामगिरीवर असताना’ हे शब्द पुरेसे आहेत आणि खोटेही नाहीत.

घरच्यांना सोबत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. वायुसैनिकांच्या सेवा नोंदी दिल्लीच्या सुब्रोतो पार्कमधल्या हवाई दल अभिलेख कार्यालयात असतात, आणि तिथे अर्ज करायचा तर वारसाची सही हवी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र सोबत जोडलं तर उत्तर लवकर येण्याची शक्यता वाढते. मुंबईत राहून करण्यासारखं काम म्हणजे जुनी वर्तमानपत्रं चाळणं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि एशियाटिक सोसायटी ही दोन ठिकाणं आधी करा. मृत्यूनंतरच्या तीन महिन्यांचे अंक बघा. बातमी लगेच येत नसे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, पण तिथे नेमकं काय मागायचं हे ठरवून जा. नुसतं ‘आमच्या गावच्या पायलटचं काही आहे का’ असं विचारून हाती काही लागत नाही.

दोन वेगवेगळ्या नोंदींत जुळलेली माहितीच दगडावर जाईल, असा नियम सभेत करून घ्या. बाकीचं छापील पुस्तिकेत घाला.

जागा

नाका, एसटीचा थांबा, रस्त्याचा कोपरा या जागा सगळ्यांना आवडतात आणि त्याच सगळ्यात वाईट. सार्वजनिक रस्ते, पदपथ यांवर पुतळे आणि बांधकामं नकोत असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३चा आदेश आहे, आणि रुंदीकरण आलं की पहिला हातोडा तिथेच पडतो. गावठाणातली ग्रामपंचायतीची जागा सर्वांत सोपी. शाळेच्या आवारात जिल्हा परिषदेची लेखी परवानगी लागेल. कुणी आपली जमीन देतो म्हणाला तर आधी सातबारा मागा. कोकणात एकेका उताऱ्यावर तीस-चाळीस नावं असतात आणि त्यातली अर्धी माणसं डोंबिवली-विरारला. सगळ्यांच्या सह्यांचं नोंदणीकृत बक्षीसपत्र होणार नसेल तर ती जागा सोडा. देवळाच्या आवारात मानपानाचे वाद स्मारकाला चिकटतात.

ठराव मासिक सभेत करून भागत नाही, ग्रामसभेतच घ्या. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा कमी असेल तो. ठरावात जागेची लांबी-रुंदी, स्मारकाचा आकार आणि देखभाल कोण करणार ही तिन्ही वाक्यं असावीत. तिसरं वाक्य लोक विसरतात आणि पाच वर्षांनी त्यावरूनच मंडळ आणि पंचायत एकमेकांकडे बोट दाखवतात.

वर्गणीचं थोडक्यात: मंडळ नोंदणीकृत नसेल तर धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१-क खाली परवानगी घ्या, पैसे बँकेतून घ्या, आणि एकूण रकमेतले पंधरा-वीस टक्के देखभालीसाठी मुदत ठेवीत ठेवा.

दगड आणि अक्षरं

मुंबईत पटकन संगमरवर सुचवतात. कोकणात तो नको. पावसाळ्यात शेवाळ धरतो, कुंकवाचा डाग पिऊन घेतो, खाऱ्या हवेत अक्षरांच्या कडा गोल होतात. कडप्पा ओट्याला ठीक, पण उघड्यावर त्याचे पापुद्रे सुटतात. जांभा कोरीव अक्षरांना चालत नाही, तो मागच्या भिंतीला वापरा. अक्षरांसाठी काळा ग्रॅनाइट किंवा घट्ट काळा पाषाण, दोनच पर्याय. पाषाण जास्त शोभतो, पण त्यावर बारीक अक्षर कोरणारा कारागीर मिळायला हवा.

६०० मिमी रुंद, ९०० मिमी उंच आणि ४० मिमी जाड ग्रॅनाइट पुरतो. त्याचं वजन साधारण ६० किलो होतं, म्हणजे चार माणसं आरामात उचलतात. २० मिमीची लादी स्वस्त पडते, पण तिच्यात मागून पिन बसवायला भोक घेता येत नाही.

अक्षराची उंची २५ मिमी धरली तर दहा फुटांवरून सहज वाचता येतं. देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार असतो, म्हणून दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दुप्पट, म्हणजे ५० मिमी ठेवा. कडेला ६० मिमी सोडले की एका ओळीत वीस-बावीस अक्षरं आणि एकूण पंधरा ओळी बसतात. नाव ५० मिमीचं केलं तर मजकुराला अकरा-बारा ओळी उरतात. यात सरपंच, आमदार, देणगीदार, ‘यांच्या शुभहस्ते’ हे काहीही बसत नाही, आणि बसवूही नये. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळी छोटी पाटी लावा. हे आधीच ठरवलं नाही तर शेवटच्या आठवड्यात फोन यायला लागतात.

मजकुराचा क्रम असा ठेवा: हुद्दा, पूर्ण नाव, सेवा क्रमांक, दल आणि स्क्वाड्रन, जन्मवर्ष आणि गाव, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, कबर किंवा नाव कुठे आहे ते, शेवटी ‘ग्रामस्थ’ आणि वर्ष. दलाचं नाव काळाप्रमाणे लिहा. भारतीय हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ला स्थापन झालं. १९४५ ते १९५० ते ‘रॉयल इंडियन एअर फोर्स’ होतं. हुद्दा मृत्यूच्या दिवशीचा लिहा.

कोरण्याची पद्धत ठरवताना लेझर टाळा. दुकानात नमुना झकास दिसतो, पण तो पॉलिशवरचा ओरखडा असतो. उन्हा-पावसात दोन-चार वर्षांत धूसर होतो. सँडब्लास्टनं, म्हणजे वाळूच्या झोतानं, किमान ३ मिमी खोल अक्षर घ्या. छिन्नीनं तिरक्या उताराची अक्षरं कोरणारा मिळाला तर त्याहून चांगलं, कारण त्यात पाणी थांबत नाही. भरायला पांढरा एनॅमल वापरा. ‘सोनेरी’ म्हणून जो रंग देतात त्यात पितळेची भुकटी असते. समुद्राच्या हवेत ती एका पावसाळ्यात काळपट-हिरवी होते. सोनेरीच हवं असेल तर खरा वर्ख.

आता खरी अडचण: फाँट. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून पाठवता, कारागिराच्या कॉम्प्युटरवर जुना फाँट असतो, आणि ‘स्क्वाड्रन’चं ‘स्क् वाड् रन’ होतं. ‘फ्लाईंग’, ‘र्‍या’, ‘द्ध’, ‘श्री’ ही हमखास फुटणारी अक्षरं. व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवू नका. अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर केलेली पीडीएफ द्या, आणि कोरण्याआधी दगडाच्या खऱ्या मापाचा कागदी प्रिंट काढून घ्या. तो भिंतीला चिकटवून तीन जणांनी वेगवेगळा वाचायचा. त्यातला एक घरचा, आणि एक असा की ज्यानं मजकूर आधी पाहिलेला नाही. शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे उलटं वाचलं की चुका जास्त सापडतात. मगच कागदावर सही करा आणि त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवा.

चित्र हवंच असेल तर विमान त्याच्याच काळाचं हवं. ब्रह्मदेशावर हरिकेन किंवा व्हेंजन्स, १९६५ला व्हॅम्पायर, मिस्टेअर, हंटर, नॅट, १९७१ला सुखोई-७, मारुत, मिग-२१. १९४४च्या गनरच्या डोक्यावर राफेल बसवलेलं फ्लेक्सवरही हास्यास्पद दिसतं, दगडावर तर कायमचं. विमानावरचं वर्तुळाकार चिन्ह काढताना लक्षात ठेवा, आजच्या चिन्हात केशरी मध्ये आणि हिरवा बाहेर असतो. पेंटर हमखास उलटं करतात. ब्रह्मदेश आघाडीवर युद्धाच्या उत्तरार्धात तर फक्त गडद आणि फिकट निळा होता. जपानी खुणेशी गल्लत नको म्हणून लाल काढून टाकला होता. अशोकस्तंभाची राजमुद्रा खाजगी स्मारकावर चालत नाही, त्यावर २००५चा कायदा आहे. हवाई दलाच्या बोधचिन्हातही ती मुद्रा आहे, म्हणून तेही परवानगीशिवाय नको.

पाया आणि उभारणी

देशावर काळी माती असेल तर ती पूर्ण काढा. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दगड वर्षभरात कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा, आणि भरावही मुरुमाचाच, १५० मिमीच्या थरांनी, पाणी मारून ठोकून. कोकणात जांभा लवकर लागतो, तिथे ४५० मिमी पुरेल.

१.५ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ३०० मिमी जाड काँक्रीटच्या पायाला १:१.५:३ या प्रमाणात सिमेंटच्या ४ गोण्या, ७ घनफूट वाळू आणि १४ घनफूट खडी लागते. वाळू खाडीची नको. त्यातल्या मिठानं लोखंड गंजतं आणि दगडावर लोणा फुटतो. क्रश सँड धुतलेली घ्या. सळईला सगळीकडून ५० मिमी काँक्रीटचं आवरण राहील असे ब्लॉक खाली ठेवा. गवंडी खडीचे तुकडे ठेवून काम भागवतात. दहा दिवस गोणपाट टाकून पाणी मारायचं. हे काम कोण करणार ते नावानिशी ठरवा, कारण गवंडी स्लॅब टाकून निघून जातो आणि मंडळ रविवारी रात्रीच्या गाडीनं मुंबईला.

मागची भिंत चिऱ्याची २३० मिमी जाड. दगडाची खालची कड जमिनीपासून ६०० मिमी वर ठेवा, नाहीतर पावसाचे शिंतोडे लाल माती थेट अक्षरांवर आणतात. भिंतीच्या डोक्याला उतार द्या, टोपी पुढे ५० मिमी काढा आणि तिच्या खालून बोटभर खाच मारा, म्हणजे पाणी तिथेच तुटतं, दगडावर ओघळत नाही.

गवंड्याची सवय अशी की लादीमागे सिमेंटचे गोळे थापायचे आणि दाबून बसवायचं. मागच्या पोकळीत पाणी भरतं आणि पांढरे ओघळ बाहेर येतात. त्याऐवजी दगडाचं वजन खालच्या दगडी पायरीवर टेकवा आणि मागून चार पिनांनी धरा. पिन ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची, १० मिमी व्यासाची. ३०४ किनाऱ्यावर डागाळते आणि साधं लोखंड गंजून फुगतं, मग दगडाचा कोपरा उडतो. भोक दगडात २५ मिमी खोल, कडेपासून किमान ७५ मिमी आत, इपॉक्सी भरून. दगड आणि भिंतीत १० मिमी हवेची फट ठेवा, खालून ती उघडी असू द्या. वरची कड बंद करायला सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचा घ्या; व्हिनेगरसारखा वास येतो तो दगडावर डाग पाडतो.

मुंबईहून दगड नेताना टेम्पोत आडवा टाकू नका. कशेडी घाटापर्यंत पोचायच्या आत मधोमध तडकलेला असेल. कडेवर उभा, जुन्या टायरच्या ट्यूबवर टेकवून, दोन ठिकाणी पट्ट्यानं बांधून न्यायचा, आणि अक्षरांची बाजू आत.

पाया जानेवारी-फेब्रुवारीत, दगड मार्च-एप्रिलमध्ये. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो, त्याआधी रंग सुकलेला हवा. अनावरण मे महिन्यात किंवा पुढच्या शिमग्यात केलं तर चाकरमानी गावात असतात. १५ ऑगस्टला मुसळधार पावसात छत्र्यांखाली भाषणं होतात. ८ ऑक्टोबर हा हवाई दल दिन, तोही चांगला. दगड झाकायला साधं कापड वापरा. तिरंग्यानं स्मारक झाकणं राष्ट्रध्वजाच्या नियमात बसत नाही. ध्वज शेजारी वेगळा, मानानं उभा करायचा.

नंतर

लोक हळद-कुंकू वाहणार, नारळ फोडणार, दिवा लावणार. पाटीवर ‘कुंकू लावू नये’ लिहून कुणी ऐकत नाही. समोर दीड फुटांवर वेगळा कट्टा बांधा, त्यावर दिव्यासाठी खोबण आणि फुलांसाठी जागा. सगळं आपोआप तिथे जातं. तरी तेल सांडलंच तर मुलतानी मातीत ॲसिटोन कालवून लेप द्या, प्लॅस्टिकनं झाका, दुसऱ्या दिवशी काढा. गुरं अंग घासायला येतात, म्हणून दोन-अडीच फुटांचं चिऱ्याचं कुंपण घाला. लोखंडी साखळी चोरीला जाते. पिंपळ-वडाखाली स्मारक नको, आणि भिंतीच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा.

शेवाळ दिवाळीच्या सुमारास काढायचं: साधं पाणी, नायलॉनचा ब्रश, थोडा भांड्यांचा साबण. ॲसिड, ब्लीचिंग पावडर, तारेचा ब्रश बंद. गावातली उत्साही मुलं १४ ऑगस्टला ॲसिडची बाटली घेऊन हजर होतात, म्हणून साबण आणि ब्रश पंचायतीच्या कपाटात आधीच ठेवलेले बरे. पांढरा रंग दर दोन-तीन वर्षांनी भरावा लागतो: अक्षरात भरायचा, बाहेर आलेला ओला असतानाच टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसायचा. त्याच वेळी दगड हातानं हलवून बघा. किंचितही हालला तर पिनांची इपॉक्सी सुटलेली आहे, पावसाआधी उतरवून पुन्हा बसवा.